माडाविना मुलखातलं श्रीफळ

वाशिमच्या बालाजी मंदिरासमोर, कारंजाच्या गुरुमंदिराच्या वाटेवर, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेत, पूजेच्या साहित्याचं दुकान आलं की शेंडी राखून सोललेल्या नारळांची रास दिसतेच. पेरणीआधी तिफणीची पूजा होते तेव्हा नारळ लागतो. विहिरीला पाणी लागलं की नारळ, दारात नवा ट्रॅक्टर आला की नारळ, नवरीच्या ओटीत नारळ, सत्काराला शालीबरोबर नारळ. पाणाडेसुद्धा तळहातावर नारळ धरून शेतात पाण्याची जागा शोधत फिरतात. इतका हा नारळ इथल्या जगण्यात मुरला आहे, आणि तो इथे पिकत नाही. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा होतो, रिसोडकडे हळद होते, कारंजा-मंगरुळपीरकडे संत्र्याच्या बागा आहेत. नारळाच्या वाड्या नाहीत. म्हणून एक प्रश्न नीट विचारायला हवा. ज्या मातीत एखादं फळ येत नाही, त्या मातीतल्या माणसाने ते देवाला वाहण्यात अर्थ काय? नैवेद्याची सगळ्यात जुनी समजूत अशी की जे पिकलं त्यातला पहिला घास पिकवणाऱ्याचा नव्हे, देवाचा. नवान्नाची चाल त्यातूनच आली. नारळ या समजुतीत बसत नाही. मग एक तर समजूत अपुरी आहे, नाही तर नारळ चुकीच्या ठिकाणी आला आहे.

आधी झाडाकडे पाहू, कारण या प्रश्नाची धार झाडाच्या स्वभावात आहे. नकाशावर वाशिम आणि पालघर जिल्ह्यातलं डहाणू जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात, विसाव्या. सूर्य दोघांवर सारख्याच कोनातून तळपतो. तरी डहाणूच्या किनाऱ्यावर माड डोलतात आणि वाशिममध्ये नाहीत. हा पावसाचाही साधा हिशेब नाही. कोकणात वाशिमच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो हे खरं, पण तोही जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. उरलेले आठ महिने कोकणातल्या वाडीलाही शिंपणं द्यावं लागतं. खरा फरक हवेत आहे. माडाला सरासरी २७ अंश सेल्सिअसच्या आसपासचं, दिवस-रात्रीत पाच-सात अंशांपेक्षा फार न हलणारं तापमान मानवतं. समुद्र दिवसा तापू देत नाही, रात्री निवू देत नाही आणि हवा ओली ठेवतो. वाशिमच्या पठारावर मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो, कोरडा वारा पानातलं पाणी ओढून नेतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात. शिवाय माडाला विश्रांतीचा हंगाम नाही. साग उन्हाळ्यात पानं टाकून तग धरतो, पळस पानं टाकूनच फुलतो. माडाला तो मार्ग माहीत नाही. त्याला एकच शेंडा, त्या शेंड्यातून साधारण महिन्याला एक झावळी, आणि मोठ्या झाडात प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा. पोय उमलण्याच्या सुमारे ३२ महिने आधी तिचा अंकुर झाडाच्या पोटात धरलेला असतो आणि फूल धरल्यावर नारळ पक्व व्हायला आणखी बारा महिने लागतात. म्हणजे यंदाच्या घटावर ठेवलेल्या नारळाची सुरुवात साडेतीन वर्षांहूनही आधी झालेली असते, आणि त्या सगळ्या काळात एकदाही हवेने दगा दिलेला नसतो. एका उन्हाळ्याचा चटका पुढची दोन-तीन वर्षं पीक कमी करतो. वाशिममध्ये तो चटका दरवर्षी बसतो.

यावर कुणी तिपटूरचं उदाहरण देईल. कर्नाटकातलं तिपटूर समुद्रापासून दूर, आठशे मीटरहून उंच पठारावर आहे, तिथे पाऊसही वाशिमपेक्षा कमी पडतो, आणि तरी तिथल्या खोबऱ्याची बाजारपेठ देशभर नावाजलेली आहे. छत्तीसगडात कोंडागावलाही नारळ विकास मंडळाची बाग आहे. मग वाशिमनेच काय पाप केलं? तिपटूर तेराव्या अक्षांशाच्या आसपास आहे. तिथला हिवाळा सौम्य आहे, उन्हाळा इतका होरपळवत नाही, आणि तळी-विहिरींच्या पाण्यावर बागा पोसण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत तिथे आहे. कोंडागाव बस्तरच्या ओल्या, जंगलाच्या मुलखात आहे. वाशिममध्येही विहिरीच्या काठी, सांडपाण्याच्या ओलीवर, अंगणात माड जगतो. पाणी मिळालं तर चार नारळही देतो. पण झाड जगणं आणि झाड पिकणं यात अंतर आहे. अंगणातल्या एखाद्या माडावर जिल्ह्याच्या पूजा चालत नाहीत. त्या चालतात आंध्र, तामिळनाडू, कर्नाटकातून येणाऱ्या ट्रकांवर. तेव्हा प्रश्न कायम आहे: ही परक्या हवेची वस्तू आपण देवापुढे का ठेवतो?

एक कडक उत्तर असं आहे की ठेवू नये. आपल्या मातीतलं ठेवावं. या उत्तराला पुरावाही आहे, आणि तो साधा नाही. ऋग्वेदातल्या यज्ञांत नारळ नाही. तिथे तूप आहे, धान्य आहे, सोम आहे. आणि ‘श्रीफळ’ हा जो शब्द आज आपण नारळालाच लावतो, तो अमरकोशात बेलाचं नाव म्हणून येतो. नारळाला अमरकोशकार अमरसिंहाने दुसरी नावं दिली आहेत. श्रीसूक्तात लक्ष्मीचं झाड म्हणून ज्याचं नाव घेतलं आहे तेही बेलच. बेल हे कोरड्या पानझडी जंगलातलं झाड. दगडधोंड्याच्या उतारावर, कमी पावसात, मे महिन्याच्या उन्हात ते उभं राहतं. वाशिम-अकोल्याच्या रानांना ते परकं नाही. म्हणजे श्रीचं फळ एके काळी या मुलखातलं फळ होतं आणि पुढे ते नाव किनाऱ्यावरच्या फळाकडे गेलं. चौथ्या-पाचव्या शतकांत वाशिम वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या काळच्या इथल्या माणसाला कुणी संस्कृतात श्रीफळ मागितलं असतं, तर त्याच्या डोळ्यांपुढे बेल येण्याचा संभव अधिक. हे कळल्यावर बाजारातून आणलेल्या नारळाला श्रीफळ म्हणताना क्षणभर थांबायला होतं.

तरीही हे कडक उत्तर मला पटत नाही. ज्या वेदाचा आधार घेऊन ते दिलं जातं, त्याच वेदाच्या कर्मकांडात सगळ्यात मोलाचं हविर्द्रव्य विकत घेतलेलं आहे. सोम यजमानाच्या शेतात उगवत नव्हता. तो मूजवत पर्वतावरचा, लांबून आणलेला. सोमयागात तो विकत घेण्याचा एक स्वतंत्र विधीच आहे, सोमक्रय. विक्रेता समोर बसतो, मोल ठरतं, त्या मोलात एक गाय असते आणि तिला सोमक्रयणी हे नावच आहे. म्हणजे दुरून आलेली आणि मोल देऊन घेतलेली वस्तू अर्पणाला चालत नाही हे म्हणणं यज्ञाच्या परंपरेला मान्य नाही. तिने तर व्यवहारालाच विधीत जागा दिली. तीच परंपरा दुसऱ्या बाजूनेही मोकळी आहे. सोम मिळाला नाही तर पूतिका घ्यावी, भात मिळाला नाही तर नीवार घ्यावा, हा प्रतिनिधिद्रव्याचा विचार ब्राह्मणग्रंथांनी आणि मीमांसकांनी फार बारकाईने केला आहे. जे मिळत नाही त्यासाठी कर्म अडवू नये, आणि जे लांबून आलं त्याला परकं म्हणून बाहेर ठेवू नये. कारंजासारख्या गावातल्या जैन परंपरेकडे पाहिलं तर हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. दिगंबरांच्या अष्टद्रव्य पूजेत अनेक ठिकाणी नैवेद्याच्या जागी पांढऱ्या खोबऱ्याचे तुकडे असतात आणि दिव्याच्या जागी केशरात रंगवलेले. जळत्या ज्योतीवर जीव मरू नये म्हणून खोबरंच ज्योत होतं. इथे नारळ पाहुणाही आहे आणि प्रतिनिधीही.

माझं म्हणणं असं की अर्पणाचे दोन भाग असतात आणि आपण एकच धरून बसतो. एक भाग आपल्या कष्टाचा: हे मी पिकवलं, यातलं तुझं. दुसरा भाग आपल्या हद्दीच्या कबुलीचा: हे माझ्याने होत नाही, तरी माझं जगणं याच्यावाचून पुरं होत नाही. पहिला भाग एकटा राहिला तर त्यात मीपणा शिरायला वेळ लागत नाही. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तिफण त्याची असते, पाऊस त्याचा नसतो. पण पाऊस हातात धरून देवापुढे ठेवता येत नाही. नारळ ठेवता येतो. ज्या हवेवर आपला काहीच अधिकार नाही तिने जवळजवळ चार वर्षं घालून बनवलेलं, कुणाचा हात न लागलेलं, बंद करवंटीतलं पाणी आपण आणतो आणि पुढे ठेवतो.

हा अर्थ मी नारळावर लादतो आहे का? घटस्थापना पाहावी. वाशिममधल्या घरात नवरात्राचा घट बसतो तेव्हा खाली पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातली काळी माती असते. तिच्यात गहू-ज्वारीचे दाणे पेरलेले असतात. मधे कुंभाराच्या हातचा मातीचा घट, त्यात विहिरीचं पाणी, तोंडाशी पानं, बाजूला हळकुंड, जे बहुधा आसपासच्याच शेतातलं निघेल. इथपर्यंत सगळं या मातीतलं. आणि सगळ्यांच्या वर नारळ. ही मांडणी कुणा एका शास्त्रकाराने वाशिमसाठी ठरवलेली नाही. पण किनाऱ्यावरच्या घरात जो नारळ परसातला असतो तोच नारळ इथे आला की मांडणीचा अर्थ बदलतो. खाली आपलं, वर आपल्या हद्दीपलीकडचं. आणि नऊ दिवसांत वाढतं ते खालचं. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात ते देणं परतीचं आहे, जिथलं तिथे. वाशिमच्या माणसाला परत करण्याची सोय नाही. तो फक्त घेतल्याची कबुली देऊ शकतो, आणि ती कबुली तो घटाच्या माथ्यावर ठेवतो.

यापेक्षा अवघड आक्षेप पैशाचा आहे. हा जिल्हा श्रीमंत नाही. नीती आयोगाने २०१८ साली देशभरातले मागास जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले त्यात वाशिम होता. त्याआधी शेतकरी आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भातल्या ज्या जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यांतही होता. अशा ठिकाणी माणसाने विकतचं फळ देवापुढे फोडावं आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणावं, हे गाडगेबाबांना पटलं असतं का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या या माणसाने आयुष्यभर हेच बजावलं की देवाच्या नावाने कर्ज काढू नका, जीव मारू नका, भुकेल्याला जेवू घाला. गीतेच्या नवव्या अध्यायातही पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागितलं आहे, आणि त्यातलं पान किंवा पाणी फुकट मिळतं. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि तेवढ्यापुरतं माझं म्हणणं आवरून घेतो. नारळ सक्तीचा नाही. ज्याच्याकडे नाही त्याने बेलाचं पान वाहिलं तर काही कमी पडत नाही; प्रतिनिधीचा नियम तिथेही आहे. पण नवसाचे एकशे एक नारळ, तोरणांवर तोरणं, हे मात्र या कबुलीच्या उलट आहे. हद्दीची कबुली एका नारळात पुरी होते. शंभर नारळांत ऐपत दिसते.

दुसरं असं सांगितलं जातं की नारळ हा बळीचा पर्याय: तीन डोळे, शेंडी, कवटीसारखी करवंटी, म्हणून पशूच्या जागी नारळ. हे इतिहास म्हणून कितपत खरं, ते बाजूला ठेवू. परिणाम म्हणून ते चांगलं आहे. बोकडाच्या जागी नारळ फुटत असेल तर वाद घालण्याचं कारण नाही. पण तेवढाच अर्थ धरला तर नारळ कायम कशाच्या तरी ऐवजीचा राहतो, आणि त्याचं स्वतःचं, जवळजवळ चार वर्षांच्या हवेचं, सांगणं ऐकू येत नाही.

उरतो सगळ्यात सूक्ष्म आक्षेप. शेतकरी सोयाबीन विकतो, त्या पैशातून नारळ घेतो. मग नारळ म्हणजे रूप पालटलेलं सोयाबीनच, परका कुठला? हा बचाव खरा आहे आणि धोक्याचाही. पैसा कष्टाला रूप बदलू देतो, पण त्याच वेळी दुसऱ्याच्या कष्टाचा चेहरा पुसून टाकतो. माडावर चढणारा, नारळ सोलणारा, करवंटी न फोडता शेंडी राखणारा, ट्रक भरणारा, यांतलं कुणीच दुकानातल्या राशीत दिसत नाही. वाशिमला हे विसरणं शोभणारं नाही. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी, आणि या समाजाचा वडिलोपार्जित धंदाच बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य मुलूखभर पोचवण्याचा. लमाण या नावाचा संबंध लवणाशी जोडला जातो. रेल्वे आणि ट्रक यायच्या आधी समुद्राचं मीठ या पठारावर आणलं ते या लोकांनी. ज्या जिल्ह्यात वाहून आणणाऱ्यांचं सर्वांत मोठं तीर्थ आहे, तिथे दुरून आलेल्या वस्तूला परकं म्हणणं म्हणजे आणणाऱ्यालाही परकं म्हणणं.

आणि परकेपणाची रेघ कुठे ओढायची हेही भूगोलाला विचारावं. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर बसला आहे. उत्तरेकडचं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, तिथून तापीला आणि सुरतेच्या समुद्राला जातं. दक्षिण आणि पूर्वेकडचं पैनगंगा, अरुणावती, अडाणमधून वर्धेला, प्राणहितेला आणि शेवटी गोदावरीला मिळतं. गोदावरी जिथे बंगालच्या उपसागराला भेटते तिथे तिच्या फाट्यांच्या मधे कोनसीमा आहे, देशातल्या दाट नारळबागांपैकी एक मुलूख. त्या बागा गोदावरीच्याच गाळावर आणि कालव्यांवर पोसल्या आहेत. पूजेचा एखादा नारळ तिथला असेल, तर ज्या नदीचं पाणी त्याने प्यालं तिच्यात रिसोड-मानोऱ्याचा पाऊसही मिसळलेला होता. त्या नारळातलं पाणी वाशिमचंच, असा दावा मी करत नाही. पाण्याला नाव लिहिलेलं नसतं. पण जिल्ह्याची हद्द १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळी आखली गेली, आणि पावसाने ती कधीच मानली नाही. आपलं काय आणि परकं काय हे ठरवताना तालुक्याच्या नकाशापेक्षा नदीचा नकाशा जास्त खरा आहे.

हे सगळं मान्य केलं तर वागण्यात फरक पडायला हवा, नाही तर हा नुसता शब्दांचा नैवेद्य ठरेल. अनेक देवळांत न फोडलेला नारळ संध्याकाळी पुन्हा दुकानात जातो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भक्ताच्या हातून पुन्हा गाभाऱ्यात येतो. जे फळ कुणी चाखलेलं नाही म्हणून निवडलं, ते अनेकदा वाहिलेलं फळ होतं. ज्याच्यासाठी एका झाडाने साडेतीन वर्षांहून अधिक काळ घातला ते कुणाच्याच तोंडी लागत नाही आणि शेवटी नासून फेकलं जातं. ही देवस्थानांनी बंद करण्याची गोष्ट आहे. नारळ फुटला पाहिजे आणि त्याचं खोबरं वाटलं गेलं पाहिजे. देण्याची जुनी रीतही पाहावी. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. त्यांत चिखलपद्र गावातल्या आठ हजार नारळाच्या झाडांच्या दानाची नोंद आहे. त्याने फळं वाहिली नाहीत, झाडं दिली, आणि ती माणसांच्या उपयोगासाठी दिली. वाशिममध्ये हे पुण्य माडाचं रोप लावून मिळणार नाही. टँकरच्या पाण्यावर वांझ माड जगवणं हा झाडावरही अन्याय आणि शेजारच्या तहानलेल्या वस्तीवरही. इथे लावायचं झाड बेलाचं आहे. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचं जन्मगाव. त्यांच्या दत्तसंप्रदायाने औदुंबरासारखं साधं रानातलं झाड देवाच्या जोडीला बसवलं, तेव्हा या जिल्ह्याला हे नवीन सांगायला नको.

म्हणून देवळांच्या विश्वस्तांना आणि यात्रेला जाणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. नारळ एकच आणा, तो देवासमोर फोडा, त्याचा तुकडा शेजाऱ्याच्या हातावर ठेवा, आणि पावसाळ्यात देवळाच्या आवारात बेलाचं एक रोप लावा. पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घालावं लागेल; पुढे या मुलखाची हवा त्याला पुरते.